कोविडनंतर मेंदूवर उरलेले धुके

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका मेंदूविकारतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी आजाराविषयी बोलावे की नाही, असा प्रश्न माझ्या मनात आला होता. संयोजकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांवरील व्याख्याने आपण पुष्कळ ऐकली आहेत. म्हणून मी असा विषय निवडला, की ज्याचे रुग्ण या सभागृहातही बसलेले असू शकतात. मात्र आपल्याला होत असलेला त्रास हा एक आजार आहे, त्याला नाव आहे आणि त्यावर जगभर संशोधन चालू आहे, हे त्यांना कदाचित कोणी सांगितलेलेच नसेल.

महाराष्ट्रात करोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. त्यानंतरची दोन वर्षे आपण कशी काढली, हे मी सांगण्याची गरज नाही. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत प्राणवायूच्या एका टाकीसाठी मध्यरात्री फोन फिरविणारी माणसे येथे आहेत. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि आपण सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणीबाणी संपली, परंतु विषाणू गेला नाही. आणि काही लोकांच्या बाबतीत त्याने शरीरात केलेली उलथापालथही संपली नाही. ताप उतरला, खोकला थांबला, चाचणी निगेटिव्ह आली, पण माणूस पूर्वीसारखा झाला नाही. या अवस्थेला ‘लाँग कोविड’ असे म्हणतात.

हे नाव डॉक्टरांनी दिलेले नाही, ही बाब मला मुद्दाम नमूद करावीशी वाटते. इटलीतील लोम्बार्डी प्रांतातील एलिसा पेरेगो या पुरातत्त्व-अभ्यासक महिलेने, स्वतः आजारी असताना, मे २०२० मध्ये ट्विटरवर हा शब्द प्रथम वापरला. तोपर्यंत वैद्यकीय जगत असे धरून चालले होते की सौम्य कोविड दोन आठवड्यांत बरा होतो. रुग्णांनी एकमेकांना शोधून काढले, आपापल्या तक्रारी मांडल्या, आणि मग वैद्यकशास्त्राला त्यांच्याकडे पाहणे भाग पडले. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या केली. ती ढोबळमानाने अशी : कोविड झाल्यानंतर साधारण तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने उलगडा न होणारी लक्षणे. त्यांत तीन लक्षणे ठळकपणे नमूद केली आहेत : थकवा, धाप आणि विचारशक्तीतील बिघाड. यांपैकी तिसऱ्याविषयी मी आज बोलणार आहे.

आपल्याला हा प्रकार तसा अगदीच अपरिचित नाही. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची साथ आली होती, ती आठवा. ताप चार दिवसांत उतरला. पण गुडघे आणि बोटांचे सांधे कित्येकांना महिनोन् महिने सतावत राहिले. तेव्हा कोणी रुग्णाला ‘तुझे सगळे मनाचे खेळ आहेत’ असे म्हटले नाही, कारण सुजलेला सांधा डोळ्यांना दिसतो. मेंदू दिसत नाही, एवढाच फरक.

आता हा त्रास प्रत्यक्षात कसा असतो, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण माझ्या मते निम्मे निदान येथेच आहे.

रुग्ण येऊन सांगतो, ‘डॉक्टरसाहेब, डोक्यात धुके भरल्यासारखे वाटते.’ इंग्रजीतील ‘ब्रेन फॉग’ हा शब्द आता आपल्याकडेही रुळला आहे. पण नीट विचारले तर प्रत्येकाचे धुके वेगळे असते. एक व्यापारी गृहस्थ, वय साठीच्या आसपास. लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी तोंडपाठ केलेली पिढी. ती त्यांना अजूनही धडाधड म्हणता येतात. पण गिऱ्हाईक समोर उभे असताना चार जिनसांची बेरीज मनात करायला घेतली, की तिसऱ्या आकड्याला पहिला आकडा निसटतो. मध्येच कोणी हाक मारली तर सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. एका भगिनीची तक्रार अशी, की प्रतिक्रमणातील सूत्रे सगळी मुखोद्गत आहेत, एकही शब्द चुकत नाही. पण आपण कोठे आलो, हे सूत्र झाले की व्हायचे आहे, हेच उमगेनासे होते. तिसरा एक तरुण, संगणक क्षेत्रातील. तो म्हणतो, ‘बैठकीत दोघे एका वेळी बोलू लागले की मला कोणाचेच कळत नाही.’

या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. जुने पाठांतर शाबूत आहे. गमावले आहे ते निराळे. शास्त्रात ज्याला कार्यकारी स्मृती म्हणतात, ती म्हणजे मनाची पाटी : थोड्या गोष्टी थोडा वेळ डोळ्यांसमोर धरून त्यांवर काम करायचे आणि मग पुसून टाकायचे. ही पाटी लहान झाली आहे. तिच्याबरोबर अवधान टिकत नाही, विचारांची गती मंदावते, आणि ओळखीचा शब्द ओठावर येऊन अडतो. म्हणून घरच्यांचा गोंधळ होतो. ‘तीस वर्षांपूर्वीच्या लग्नात कोण कोण आले होते ते आठवते, आणि काल सांगितलेले काम तेवढे विसरते?’ असे सुनेला ऐकविले जाते. यात सुनेचा कामचुकारपणा नाही. दोन वेगळ्या प्रकारच्या स्मृती आहेत आणि त्यांपैकी एकच दुखावलेली आहे.

रुग्णांनीच संघटित होऊन केलेली एक पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. छप्पन्न देशांतील ३,७६२ व्यक्तींनी तीत माहिती दिली. त्यांपैकी शंभरात पंच्याऐंशीहून अधिक जणांनी विचारशक्ती वा स्मरणाच्या तक्रारी नोंदविल्या होत्या. ही पाहणी दीर्घकाळ आजारी राहिलेल्यांचीच होती, त्यामुळे कोविड झालेल्या सगळ्यांना हा आकडा लावता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते कोविड झालेल्या शंभर लोकांमागे साधारण सहा जणांना पुढे दीर्घकालीन त्रास होतो. सहा हा आकडा लहान वाटतो. पण आपल्या शहरात कोविड किती जणांना झाला, ते मनाशी धरा आणि मग गुणाकार करा.

तक्रार ही तक्रार असते. तिचे मोजमाप करता येते का? येथे मला दोन मोठ्या अभ्यासांविषयी सांगायचे आहे.

आपण व्यापारी समाज आहोत, तेव्हा हे आपल्याला पटकन समजेल. आरंभीची शिल्लक ठाऊक नसेल तर वर्षअखेरीस तूट किती आली, हे सांगता येत नाही. मेंदूच्या बाबतीत हीच अडचण होती. आजारानंतरचा मेंदू तपासता येतो. पण आजारापूर्वी तो कसा होता, हे कोणास ठाऊक? ब्रिटनमध्ये मात्र योगायोगाने ही आरंभीची शिल्लक नोंदलेली होती. ‘यूके बायोबँक’ या प्रकल्पात हजारो स्वयंसेवकांच्या मेंदूची छायाचित्रे साथीच्या आधीच घेऊन ठेवलेली होती. साथ आल्यावर ऑक्सफर्डच्या ग्वेनाएल दुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ ते ८१ वयाच्या ७८५ जणांची छायाचित्रे पुन्हा घेतली. मधल्या काळात त्यांपैकी ४०१ जणांना कोविड होऊन गेला होता, ३८४ जणांना नव्हता. मार्च २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोविड होऊन गेलेल्या गटात, गंधज्ञानाशी व स्मृतीशी संबंधित असलेल्या मेंदूच्या काही भागांत करड्या द्रव्याची घट दुसऱ्या गटापेक्षा अधिक होती. हा फरक सरासरीने ०.२ ते २ टक्के इतका होता. एखादी गुंतागुंतीची कामगिरी पार पाडण्याच्या चाचणीतही या गटाची घसरण अधिक होती. विशेष म्हणजे त्यांतील बहुसंख्य रुग्ण इस्पितळात दाखलही झाले नव्हते. गंधज्ञानाचे भाग का, असे आपण विचाराल. कोविडमध्ये उदबत्तीचा, फोडणीचा वास येईनासा झाला होता, हे आठवत असेल. नाकातून निघणारा गंधाचा मार्ग मेंदूतील स्मृतीच्या भागांना अगदी जवळून जोडलेला आहे.

यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. ही गटाची सरासरी आहे, प्रत्येक व्यक्तीचे भाकीत नव्हे. मेंदूची झीज वयाप्रमाणे दोन्ही गटांत होत होती. एका गटात ती अधिक झाली, इतकेच हा अभ्यास सांगतो.

दुसरा अभ्यास फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांनी इंग्लंडमधील १,१२,९६४ प्रौढांकडून संगणकावर स्मरणशक्ती, तर्क आणि नियोजन यांच्या चाचण्या करून घेतल्या. ज्यांना कोविड झाला आणि जे पूर्ण बरे झाले, त्यांचे गुण कोविड न झालेल्यांपेक्षा बुद्धिगुणांकाच्या भाषेत सुमारे तीन अंकांनी कमी भरले. ज्यांची लक्षणे अजून गेली नव्हती, त्यांचे सुमारे सहा अंकांनी. आणि जे अतिदक्षता विभागात होते, त्यांचे सुमारे नऊ अंकांनी कमी.

तीन अंक म्हणजे किती? बुद्धिगुणांकाची सरासरी १०० धरतात आणि सुमारे दोन-तृतीयांश लोक ८५ ते ११५ यांच्या दरम्यान असतात. तेव्हा एका माणसाच्या बाबतीत तीन अंकांचा फरक त्याला स्वतःलाही जाणवणार नाही. सहा अंकांचा मात्र जाणवू शकतो, विशेषतः ज्याचे पोट बुद्धीच्या कामावर चालते त्याला. याच अभ्यासात दिलासा देणाऱ्या दोन गोष्टी आढळल्या. साथीच्या आरंभीच्या विषाणूने जेवढी हानी केली, तेवढी नंतरच्या प्रकारांनी केली नाही. आणि लसीच्या दोन वा अधिक मात्रा घेतलेल्यांची स्थिती किंचित बरी होती. अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या नोंदींवर आधारित, जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हाच कल दिसतो. साथीच्या सुरुवातीला, लस नसलेल्यांमध्ये, वर्षभरानंतर शंभरात सुमारे दहा जणांना दीर्घकालीन त्रास होता. ओमायक्रॉनच्या काळात लस घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण शंभरात साडेतीनवर आले.

असो. आकड्यांचे येवढे पुरे. हे का घडते, हा खरा कुतूहलाचा प्रश्न आहे.

पहिला अंदाज साहजिकच असा होता, की विषाणू मेंदूत शिरतो आणि तेथील पेशी मारतो. कोविडने दगावलेल्या ४४ जणांच्या शवविच्छेदनाचा अमेरिकेतील अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विषाणूचे अवशेष मेंदूसह शरीरात सर्वत्र, आणि एका रुग्णात लक्षणे सुरू झाल्यानंतर २३० दिवसांनीही सापडले. तरीदेखील मेंदूत त्या मानाने दाह फारच थोडा होता. तेव्हा केवळ विषाणूच्या थेट हल्ल्याने सगळा उलगडा होत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील मिशेल मोंजे या अनेक वर्षे कर्करोगाच्या रुग्णांचा अभ्यास करीत होत्या. केमोथेरपी घेतलेल्या रुग्णांनाही असेच धुके जाणवते. कोविडच्या रुग्णांच्या तक्रारी त्यांना ओळखीच्या वाटल्या. येल विद्यापीठाच्या अकिको इवासाकी यांच्याबरोबर त्यांनी उंदरांवर प्रयोग केले. (प्राण्यांवरील प्रयोग आपल्या मनाला खुपतात, माझ्याही खुपतात; पण ज्ञान ज्या मार्गाने आले, तो मार्ग लपविणे मला योग्य वाटत नाही.) त्यांनी संसर्ग केवळ श्वसनमार्गापुरता मर्यादित ठेवला. मेंदूत विषाणू नव्हताच. तरीही सात आठवड्यांनंतर मेंदूतील पहारेकरी पेशी खवळलेल्याच होत्या.

या पहारेकऱ्यांविषयी थोडे सांगायला हवे. त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. एरवी त्या शांतपणे फिरत असतात, कचरा उचलतात, नको असलेले धागे छाटतात, बागेतील माळ्यासारखे. शरीरात कोठेही लढाई पेटली की रक्तातील रासायनिक निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचतो आणि त्या हत्यार उपसतात. लढाई संपल्यावर त्यांनी पुन्हा माळी व्हावे, अशी अपेक्षा असते. काहींच्या बाबतीत त्या होत नाहीत. मग चेतातंतूंवर विजेच्या तारेवरील रबरासारखे जे आवरण असते, ते राखणाऱ्या पेशी कमी होतात आणि निरोप संथ पोहोचू लागतात. स्मृतीचे केंद्र असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात नव्या पेशी घडण्याचे काम मंदावते. धुक्याची तक्रार असलेल्या माणसांच्या रक्तात, या बिघाडाशी संबंधित असलेले एक रसायन वाढलेलेही त्यांना आढळले.

दुसरा धागा रक्तवाहिन्यांचा. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांच्या भिंती शरीरातील इतर वाहिन्यांपेक्षा फार घट्ट विणलेल्या असतात, जेणेकरून रक्तातील नको ते पदार्थ मेंदूत जाऊ नयेत. डब्लिन येथील संशोधकांनी २०२४ च्या आरंभी दाखविले, की धुक्याची तक्रार असलेल्या रुग्णांत ही वीण सैल झालेली होती आणि तशी तक्रार नसलेल्यांत नव्हती. रुग्णसंख्या थोडी होती, पण दुर्बोध वाटणाऱ्या एका तक्रारीमागची झिरप प्रथमच छायाचित्रावर दिसली. ब्रिटनमध्ये इस्पितळात दाखल झालेल्या १,८३७ रुग्णांच्या अभ्यासात, दाखल असतानाच ज्यांच्या रक्तात गुठळी धरण्याशी निगडित असलेली फायब्रिनोजन व डी-डायमर ही द्रव्ये जास्त होती, त्यांना पुढे सहा आणि बारा महिन्यांनी विचारशक्तीचा त्रास अधिक झाल्याचे २०२३ मध्ये दिसून आले.

तिसरा धागा स्वायत्त मज्जासंस्थेचा. काही रुग्णांत बसल्याचे उठून उभे राहिले, की दहा मिनिटांच्या आत नाडीचे ठोके मिनिटाला तीस किंवा त्याहून अधिक वाढतात. डोके हलके होते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि विचार थिजतात. झोपले की बरे वाटते. अशा रुग्णाला ‘अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या’ म्हणून परत पाठविले जाते. वास्तविक ही तपासणी अगदी सोपी आहे. घड्याळ, रक्तदाबाचे यंत्र आणि दहा मिनिटांचा धीर असला की पुरे.

हे सर्व एकाच रुग्णात असेल असे नाही. लाँग कोविड हा एकच रोग नसून एकाच दारातून आत आलेले तीन-चार रोग असावेत, असे माझे मत आहे. म्हणूनच एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

‘हे सगळे मानसिक तर नाही ना?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि बहुधा रुग्ण खोलीबाहेर गेल्यावर विचारला जातो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये १२,८४,४३७ कोविड रुग्णांच्या, बहुतांशी अमेरिकेतील, दोन वर्षांच्या नोंदी तपासल्या. श्वसनमार्गाचे दुसरे संसर्ग झालेल्यांशी त्यांची तुलना केली. चिंता आणि नैराश्य यांचे वाढलेले प्रमाण काही आठवड्यांतच इतरांच्या पातळीवर आले. विचारशक्तीच्या तक्रारींचे प्रमाण मात्र दोन वर्षांनंतरही अधिकच राहिले. पासष्टीपुढील लोकांत स्मृतिभ्रंशाचे निदान कोविडनंतर दोन वर्षांत दहा हजारांमागे ४५० जणांना झाले, तर दुसऱ्या संसर्गांनंतर ३३० जणांना. म्हणजे मन सावरले तरी धुके राहू शकते. उलटपक्षी, महिनोन् महिने धुक्यात वावरणारा माणूस खचणारच, आणि त्या नैराश्यावर उपचार करणेही अगत्याचे आहे. मी रुग्णाला एवढेच विचारतो : ‘काम करावेसे वाटत नाही, की करावेसे वाटते पण होत नाही?’ हा प्रश्न निदानाला पुरेसा नाही, पण त्याचे उत्तर पुढची दिशा दाखविते.

आता एक गोष्ट खास आपल्यासाठी. विसरायला होते म्हणजे लाँग कोविडच, असे परस्पर ठरवू नये. व्याख्येतच म्हटले आहे, की दुसरे कारण सापडता कामा नये. आणि आपल्या समाजात दुसरे एक कारण फार सामान्य आहे. ते म्हणजे ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी आढळले, आणि शाकाहारी लोकांत ही शक्यता कितीतरी अधिक होती. ब-१२ कमी असेल तर विस्मरण, सुस्ती, हातापायांना मुंग्या, तोल जाणे असे सारे होऊ शकते. आपण दूध-दही घेतो, म्हणून निश्चिंत राहू नये. आहारात त्याचे प्रमाण बहुधा पुरेसे नसते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते आणखी घटते. तपासणी साधी आहे, उपचार स्वस्त आहे, आणि आहाराचे कोणतेही व्रत न मोडता तो करता येतो. त्याचबरोबर हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तातील साखर, झोपेत घोरणे व श्वास अडणे, तसेच झोपेच्या गोळ्या व अंगावर पुरळ उठल्यास घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्या, यांचाही विचार व्हावा. एम.आर.आय. बहुतेकांत सर्वसाधारणच येतो. तो सर्वसाधारण आला म्हणजे रुग्ण खोटे बोलतो असे नव्हे. नेहमीच्या छायाचित्रात मी वर सांगितलेली झिरप दिसत नाही.

उपचारांविषयी मी गोड बोलणार नाही. धुके हटविणारे सिद्ध औषध आज उपलब्ध नाही. अमेरिकन सरकारने ‘रिकव्हर’ या प्रकल्पासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली. त्या अंतर्गत संगणकावरील मेंदूचे व्यायाम आणि कवटीवरून दिलेला सौम्य विद्युतप्रवाह, या उपायांची रीतसर चाचणी झाली. २०२५ मध्ये तिचे निष्कर्ष आले : तुलनेसाठी ठेवलेल्या गटापेक्षा यांपैकी एकाही उपायाने अधिक गुण आला नाही. थोडी सुधारणा सगळ्याच गटांत झाली. तेव्हा ‘कोविड ब्रेन डिटॉक्स’च्या नावाने महागडी पाकिटे विकणाऱ्यांपासून चार हात दूर राहावे. आपल्याकडे अशा पाकिटांचा व्यापारही आपलीच माणसे करतात, हे खेदाने सांगावे लागते.

मग करावे काय? सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे शक्तीचा जमाखर्च. बऱ्याच रुग्णांत असे होते, की कष्ट आज केले तरी त्याची शिक्षा आज मिळत नाही. बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी मिळते. स्वामीवात्सल्याच्या दिवशी एखादी भगिनी दिवसभर हौसेने राबते, सगळे म्हणतात, ‘पाहा, आता कशी बरी आहे!’ आणि तिसऱ्या दिवशी ती अंथरुणावरून उठू शकत नाही. तेव्हा पाहायला कोणी नसते. ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये पंचवीस रुग्णांच्या स्नायूंचे नमुने तपासून दाखविले, की श्रमानंतर या रुग्णांच्या स्नायूंत खरोखरच बिघाड वाढतो. म्हणून ‘रोज थोडे थोडे वाढवत न्या, ताकद येईल’ हा सल्ला या विशिष्ट रुग्णांना अपाय करू शकतो. त्यांनी झेपेल त्याच्या थोडे अलीकडेच थांबावे. बौद्धिक कामही कष्टच आहे, हे विसरू नये. हिशेब सकाळी, मन ताजे असताना करावा; एका वेळी एकच काम; लिहून ठेवण्यात कमीपणा मानू नये. आपल्या पूर्वजांनी रोजमेळ आणि खतावणी डोक्यात नव्हे, वहीतच ठेवली.

उभे राहिल्यावर नाडी वाढणाऱ्यांना भरपूर पाणी, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच थोडे अधिक मीठ, याने फायदा होतो. रक्तदाबाच्या रुग्णांनी मिठाचा प्रयोग स्वतःच्या मनाने मुळीच करू नये. येथे उपवासाचा प्रश्न येतो. चौविहार, आयंबिल, अठ्ठाई हे आपल्या श्रद्धेचे विषय आहेत, त्यांवर निर्णय देण्याचा मला अधिकार नाही. परंतु अशा रुग्णाला निर्जळ राहिल्याने चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो, हे सांगण्याचा अधिकार मला आहे. पच्चक्खाण घेण्यापूर्वी आपली प्रकृती महाराजसाहेबांपुढे स्पष्टपणे मांडावी. आणि कोणी या वर्षी तप केले नाही, तर कारण विचारून त्याला अवघडवू नये.

बरे होतात का? पुष्कळ जण हळूहळू सुधारतात. काहींना वर्षे लागतात, काहींचे काही उरतेच. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. दोन चांगले आठवडे, मग एक वाईट.

वेळ संपत आली आहे. व्यासपीठावर दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांची उत्तरे देऊन थांबतो.

पहिली : ‘डॉक्टरांकडे जाताना काय न्यावे?’ दोन आठवड्यांची नोंदवही. रोज किती झोप झाली, कोणते काम किती वेळ केले, धुके केव्हा दाटले, आदल्या दोन दिवसांत विशेष श्रम झाले होते का. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, आयुर्वेदिक धरून. आणि घरातील एक माणूस बरोबर, कारण आपण काय काय विसरतो हे रुग्ण स्वतः विसरतो.

दुसरी चिठ्ठी एका भगिनीची आहे : ‘यजमान स्कूटर चालवितात. परवा रोजच्या रस्त्यावर वळण चुकले. चालवू द्यावी का?’ एकदा वळण चुकणे कोणाच्याही हातून घडते. पण ओळखीचा रस्ता वारंवार चुकत असेल, सिग्नल उशिरा लक्षात येत असेल किंवा चालविताना चक्कर येत असेल, तर तपासणी होईपर्यंत किल्ली तुमच्याकडे ठेवा. ते रागावतील. त्यांना माझे नाव सांगा आणि या आठवड्यातच दोघे मिळून दवाखान्यात या.